उभ्या दिशेचा रकाना

जरा डोळे मिटा. दोन्ही मिटलेत तर पुढचं वाचता येणार नाही, तेव्हा एकच मिटा आणि त्या मिटलेल्या डोळ्याला कामाला लावा. त्याच्यापुढे एक काचेचा कालवा उभा करा. दोन हात रुंद, कमरेइतका खोल, आणि लांबीला एवढा की बाजूने चालत गेलं तर साठ पावलं पडावीत. भिंती काचेच्या, तळ लाकडी फळ्यांचा. आता एका टोकाने त्यात पाणी सोडा आणि दुसऱ्या टोकाने बाहेर काढा. वाहू द्या.

दिसतंय ना? मग काचेला नाक चिकटवून बसलेली दहा वर्षांची मुलगीही दिसेल. तिने तिथे असायला नको होतं, कारण ती सरकारी प्रयोगशाळा होती. पण शाळेला सुट्टी होती, आई कामावर गेली होती, आणि "कशाला हात लावायचा नाही" एवढ्या अटीवर आजोबांनी तिला बरोबर आणलं होतं. घरी तिला सगळे टाचणी म्हणत. प्रश्न विचारून विचारून ती माणसाला टोचायची.

"आता बघ," आजोबा म्हणाले आणि काचेच्या बारीक नळीतून त्यांनी तळाजवळ जांभळ्या रंगाचा एक थेंब सोडला.

"गोल आहे," टाचणी म्हणाली. "होता. आता लांबट झाला. आता त्याला शेपूट फुटलं."

"शेपूट कुठल्या बाजूला?"

"पाणी जातंय त्याच बाजूला. आजोबा, तो वर का नाही चढला?"

आजोबांनी कंबर सरळ केली. अडतीस वर्षं हा प्रश्न कोणीतरी विचारील म्हणून ते वाट पाहत होते. या काचेपुढे मोठमोठे पदवीधर उभे राहून गेले होते, आणि विचारला शेवटी कोणी, तर एक मोजा उलटा घातलेल्या पोरीने.

हुद्द्याने ते मापक होते. पाण्यात सुई रोवायची आणि आकडा लिहायचा, हे त्यांचं काम. ती सुई म्हणजे पेन्सिलीएवढी नळी आणि तिच्या टोकाला केसासारखी तार. जिकडे तोंड करून बसवावी तिकडची पाण्याची धडपड ती सांगायची. बाकीच्या दिशांना काय चाललंय, याची तिला फिकीर नसायची. जेवणाच्या सुट्टीतही ते पाण्यातले भोवरे बघत बसत, म्हणून सगळे त्यांना भोवरेमामा म्हणत. त्यात प्रेम थोडं होतं आणि चेष्टा बरीच.

"शाळा सुटली की बोळातून बाहेर पडता ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. "तेव्हा ढकलाढकली होते की नाही?"

"होते तर. मागची सगळी पोरं माझ्या दप्तरावर असतात."

"म्हणजे पुढे-मागे खूप. आणि बाजूला?"

"थोडी. भिंती आहेत ना."

"आणि वर-खाली?"

"वर-खाली कोण ढकलणार आजोबा? खाली फरशी असते."

"झालं," आजोबा म्हणाले. "एवढंच मला साहेबांना समजावता आलेलं नाही."

साहेबांबद्दल आता सांगायला हवं. साहेब अडाणी नव्हते. अडाणी असते तर सोपं होतं, अडाण्याला शिकवता येतं. साहेबांनी तरुणपणी पाण्याच्या खळबळीवर मोठा प्रबंध लिहिला होता. मोठ्या टाकीत मधोमध जाळी लावायची, तिच्यातून पाणी सोडायचं आणि जाळीच्या बऱ्याच पुढे, भिंतींपासून आणि तळापासून लांब, पाणी कसं हलतं ते पाहायचं. तिथे त्यांना असं दिसलं की पाणी तिन्ही दिशांना जवळजवळ सारखंच हलतं. म्हणून एकाच दिशेचं मोजावं, बाकीच्या दोन दिशांत तोच आकडा धरावा, आणि एकूण हवं असेल तर तिनाने गुणावं. तिथे ते खरंही होतं. साहेबांची चूक इतकीच की पंचवीस वर्षं ते त्याच टाकीत राहत होते. नदी दाखवा, नाला दाखवा, गटार दाखवा, साहेब तिनाने गुणत. सुतारकामाच्या खोलीत त्यांना तिप्पटसाहेब म्हणत, आणि ते दारात आले की रंधा जोरात चाले.

सध्या कालव्यात जे पाणी वाहत होतं ते एका खऱ्या कालव्याची छोटी नक्कल होती. शहराला पाणी आणण्यासाठी नदीपासून शुद्धीकरणाच्या टाक्यांपर्यंत एक रुंद, सपाट कालवा खणायचा होता. प्रश्न साधा होता. नदीच्या पाण्यातला गाळ पाण्याबरोबर टाक्यांपर्यंत वाहत जाईल, की वाटेतच तळाला बसेल? वाहत गेला तर ठीक, टाक्यांत तो काढता येतो. बसला तर कालवा गाळाने भरणार आणि शहराचे नळ कोरडे पडणार. गाळाला वर धरून ठेवते ती पाण्याची वर-खाली धडपड. पुढे-मागे कितीही धडपडलं तरी गाळाला त्याचा उपयोग नाही. बोळातल्या पोरांनी पुढे-मागे कितीही ढकललं, म्हणून कोणी छताला लागत नाही.

बारा जागी मोजायचं होतं. साहेबांनी चार दिवस दिले आणि एकाच दिशेला सुई लावायला सांगितलं, पाण्याच्या दिशेला. मामांनी तसं केलं. मग पुढच्या पंधरवड्यात, जेवणाच्या सुट्ट्यांत आणि दोन रविवारी, डबा मांडीवर ठेवून, त्यांनी वाकड्या मानेची दुसरी सुई लावून उभ्या दिशेचं मोजलं. सुई बदलली की पाणी पुन्हा एकसारखं वाहायला अर्धा तास जातो. बारापैकी सातच जागा झाल्या. सातही ठिकाणी उभी धडपड पुढे-मागच्या धडपडीच्या निम्म्यावर. काही ठिकाणी निम्म्याहूनही कमी.

टाचणीने थेंब मागितला, आजोबांनी दुसरा सोडला, आणि तेवढ्यात साहेबांचे बूट आले. साहेब येण्याआधी त्यांचे बूट येत. बूट नवे होते आणि कुरकुरत होते.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"नात आहे माझी. हात लावणार नाही कशाला."

"नका लावू देऊ." साहेबांनी एक टंकलेला तक्ता पुढे केला. "सही करा मामा. तीन वाजता समिती येतेय."

तक्त्यात तीन रकाने होते. लांबी, रुंदी, उंची. बारा ओळी. पहिल्या रकान्यातले आकडे मामांचे होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांत तेच आकडे पुन्हा छापले होते, दशांशचिन्हासकट. खाली लिहिलं होतं, 'वरील सर्व मोजमापे मी स्वतः घेतली आहेत. मापक.' आणि सहीसाठी एक रेघ.

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. आकडे तेच राहिले.

"साहेब, दुसरा आणि तिसरा रकाना मी मोजलेला नाही."

"मोजायची गरजच काय? सारखेच असतात."

"नसतात. मी सात जागी उभं मोजलंय. वहीत आहे. निम्मं भरतं."

"तुमच्या वहीला कोण विचारतंय?" साहेब हसले. ते हसले की समोरच्याला आपण लहान झाल्यासारखं वाटे. ती कला त्यांनी प्रबंधापेक्षा जास्त मेहनतीने कमावली होती. "मामा, निसर्ग पक्षपात करत नाही. त्याला वर काय आणि बाजू काय."

"निसर्ग करत नसेल," मामा म्हणाले. "तळ करतो."

टाचणी काचेवरून नाक न काढता म्हणाली, "खाली फरशी आहे ना."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, जसं कोणी बंद न केलेल्या नळाकडे पाहतं. मग आवाज खाली आणला. "हे बघा. नकाशे मंजूर झालेत. उद्या उभी धडपड निम्मी म्हणालात, तर कालवा अरुंद करा, उतार वाढवा, सगळं पहिल्यापासून. कोण करणार? तुम्ही? आणि तुमचा मुदतवाढीचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे. महिन्याभरात साठ पूर्ण होतात ना तुम्हाला? मी शिफारस केली तर आणखी दोन वर्षं इथेच राहाल. तुमच्या भोवऱ्यांत."

तक्ता टेबलावर ठेवून बूट कुरकुरत गेले.

मामांनी तक्ता जवळ ओढला. दोन वर्षं. निवृत्त होऊन घरी काय करायचं, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. घरी पाणी नळातून बादलीत पडतं, आणि बादलीतलं पाणी पाहण्यासारखं काही करत नाही.

सुतार आत आला. कालव्याच्या तळाच्या फळ्या त्यानेच बसवल्या होत्या. तक्ता उलटासुलटा करून पाहत तो म्हणाला, "करा ना सही. त्यांनी मेजाची लांबी मोजली असती ना, तर मेज तितकंच रुंद आणि तितकंच उंच बनवायला लावलं असतं मला. जेवायला शिडी लावून बसले असते."

टाचणी खूप हसली. मामा हसले नाहीत.

"आजोबा, करणार सही?"

"तू काय केलं असतंस?"

"मी मोजलंच नाहीये," टाचणी म्हणाली. "मला कसं माहीत?"

मामांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग खिशातलं शाईचं पेन काढलं, पट्टी घेतली, आणि दुसऱ्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'मोजलेलं नाही'. तिसऱ्या रकान्यातले सात आकडे खोडून त्यांच्या वर वहीतले आकडे लिहिले. उरलेल्या पाच जागी पुन्हा 'मोजलेलं नाही'. अक्षर नेहमीसारखं, गिचमिड न करता. मग रेघेवर सही केली.

साहेबांनी तो तक्ता पाहिला तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी तो चार घड्या करून टोपलीत टाकला, टंकलेखकाला पहिला तक्ता पुन्हा काढायला सांगितला आणि धाकट्या मापकाला बोलावलं. धाकटा मापक अकरा महिन्यांपूर्वी लागला होता आणि त्याने या कालव्यात अजून बोटही बुडवलं नव्हतं. एका हातात चहाचा कप धरून त्याने दुसऱ्या हाताने सही केली. चहा सांडला नाही. कागदाकडे न बघता सही करायची, तर हात असाच स्थिर असावा लागतो.

तीन वाजता समिती आली. पाच जण. दोघांनी काचेत आपले केस नीट केले. एकाने विचारलं, "यात मासे नाहीत सोडले?" एकजण सबंध वेळ फोनवर होता आणि मान मात्र साहेबांच्या बोलण्यावर हलवत होता. साहेब बोलले, हातात छडी घेऊन, तिन्ही दिशांना सारख्या आकाराचे हातवारे करत. 'संतुलित', 'सर्वांगीण', 'शास्त्रशुद्ध' हे शब्द ऐकू आले. पाचव्या एक बाई होत्या, पिकल्या केसांच्या. त्या काचेजवळ वाकल्या आणि तळाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथेही तितकंच हलतं का पाणी?"

"सगळीकडे सारखंच," साहेब म्हणाले.

बाईंनी मामांकडे पाहिलं. मामांनी नळी उचलली आणि तळाजवळ जांभळा थेंब सोडला. थेंब लांब झाला, आणखी लांब झाला, एखाद्या दोऱ्यासारखा तळाला धरून निघून गेला. बाई तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. पण तोवर चहा आला होता, बाकीचे चौघे निघाले होते, आणि चौघे निघाले की पाचव्याला थांबता येत नाही, हा समित्यांचा नियम आहे.

घरी आजींनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्या धुतलेले कपडे घडी करत होत्या.

"अहो, एक सही करायला काय जात होतं तुमचं?" त्या म्हणाल्या. "आता दिवसभर घरात बसून माझ्या बादल्यांत सुया घालाल. मी आधीच सांगून ठेवते, पिण्याच्या हंड्याला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"जगात सगळे करतात सह्या. तुम्हीच काय ते शहाणे. कधीच केली नाहीत का अशी?"

मामांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. टाचणी त्यांच्या पायाशी बसून उलटा मोजा सुलटा करत होती. तिने वर पाहिलं.

"एकदा केली," मामा म्हणाले. "सोळा वर्षांपूर्वी. एका तलावाच्या तोंडाचं, म्हणजे पाणी बाहेर पडतं तिथलं काम होतं. तेव्हाही हेच साहेब, नुकतेच आलेले. मी म्हटलं, शिकलेला माणूस आहे, त्याला ठाऊक असेल."

"मग?"

"मग काही नाही. ते तोंड बुजलं. तिथले लोक तीन कोस चालून पाणी आणतात. तो कागद अजून कचेरीच्या दप्तरात आहे. सही अगदी स्वच्छ आहे माझी, कोणालाही वाचता येईल."

आजींच्या हातातली घडी अर्धवट राहिली. थोड्या वेळाने त्यांनी ती उलगडून पुन्हा पहिल्यापासून घातली आणि पिण्याच्या हंड्याबद्दल त्या रात्रीही काही बोलल्या नाहीत आणि पुढेही नाही.

महिन्याने मामा निवृत्त झाले. मुदतवाढ आली नाही. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी त्यांच्या चिकाटीची स्तुती केली, आणि ती करताना दोनदा घड्याळ पाहिलं. भेट म्हणून सगळ्यांनी मिळून एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. सुताराने वेगळी, स्वतःची भेट दिली. कालव्याच्या उरलेल्या फळीची एक काठी, सुबक घासलेली, तिच्यावर बोटाबोटाच्या अंतराने खाचा पाडलेल्या. "कशाला उपयोग होईल माहीत नाही," तो म्हणाला. "पण तुमच्या हातात रिकामं काही शोभत नाही." वही मामांनी टाचणीला दिली. तिला चित्रं काढायला कोरी पानं हवी होती.

दीड वर्षाने, एका सकाळी, शहराचे नळ कोरडे पडले. तीन दिवस पाणी येणार नाही असं सांगण्यात आलं. कालवा साफ करायचा होता. मामा आणि टाचणी चालत तिथे गेले. काठी मामांच्या हातात होती, आता ती चालायला उपयोगी पडत होती.

कालव्यातलं पाणी बंद केलेलं होतं. आत पन्नासेक माणसं फावडी घेऊन उतरली होती. गाळ गुडघ्याच्या वर होता, करडा, गुळगुळीत, वरून इतका सपाट की कोणी मुद्दाम पसरला असावा. एकाने पाय उपसला तर त्याची चप्पल आतच राहिली. तो पुन्हा वाकून ती शोधू लागला.

काठावर मुकादम उभा होता. मामांनी विचारलं, "एवढा कसा काय बसला हो?"

"नदीचा दोष आहे म्हणे," मुकादम म्हणाला. "मोठे साहेब येऊन बघून गेले. गाडीतून उतरले नाहीत, बूट खराब होतील म्हणून. म्हणाले, नदीने अपेक्षेपेक्षा जास्त गाळ आणला. आता दर तीन महिन्यांनी काढायचा, कायमचं."

"साहेब अजून तिथेच आहेत?"

"छे. बढती मिळाली. आता सगळ्या कालव्यांचं बघतात."

मामांनी मान हलवली. त्यांना मनातून बरं वाटायला हवं होतं. दीड वर्ष त्यांनी या सकाळची वाट पाहिली नव्हती असं नाही. पण खाली चप्पल शोधणारा माणूस अजून वाकलेलाच होता, आणि त्याच्या पाठीवर घामाची एक उभी रेघ दिसत होती.

"आजोबा, तुम्ही बरोबर होतात," टाचणी म्हणाली.

"हो. पण फावडं त्यांच्या हातात आहे."

टाचणी थोडा वेळ काठावर उभी राहिली. मग तिने आजोबांच्या हातातली काठी मागितली. त्यांनी दिली आणि कठड्याला धरून उभे राहिले. ती कडेच्या पायऱ्यांवरून खाली उतरली, शेवटच्या कोरड्या पायरीवर बसली, आणि काठी गाळात सरळ उभी रोवली, तळाला टेकेपर्यंत. गाळ जिथे संपत होता तिथे अंगठा धरला. काठी वर ओढली. खाचा मोजल्या. एकदा मोजून तिचं समाधान झालं नाही, म्हणून पुन्हा मोजल्या.

मग तिने पाठीवरच्या पिशवीतून वही काढली. मामांच्या आकड्यांची पानं झाली, तिची चित्रांची पानं झाली, आणि एका कोऱ्या पानावर तिने पट्टी नसल्यामुळे काठीच्याच कडेने तीन रकाने आखले. लांबी, रुंदी, उंची. पहिल्या रकान्यात लिहिलं, 'मोजलेलं नाही'. दुसऱ्यात लिहिलं, 'मोजलेलं नाही'. तिसऱ्यात लिहिलं, 'एकतीस बोटं'. खाली मापक असं लिहिलं आणि सही अजून ठरायची होती म्हणून पूर्ण नाव लिहिलं.

मग काठी गवताला पुसली, दहा पावलं मोजत पुढच्या पायऱ्यांपाशी गेली आणि तिथे पुन्हा रोवली.